‘गारवा’ : मराठी ध्वनिफीत आणि समीक्षेचे मापदंड

सौमित्र (किशोर कदम) यांच्या कविता आणि मिलिंद इंगळे यांचे संगीत व गायन असलेली ‘गारवा’ ही ध्वनिफीत १९९८ मध्ये प्रकाशित झाली. चित्रपटाचा आधार न घेता मराठी गीताला नवा तरुण श्रोता मिळवून देणारी निर्मिती म्हणून तिचा उल्लेख होतो. तथापि लोकप्रियतेची नोंद म्हणजे समीक्षा नव्हे. भावगीताचे शब्द साहित्याच्या अभ्यासकाने आणि चाल संगीताच्या जाणकाराने तपासावी, अशी आपल्याकडील रूढ विभागणी आहे. तिच्यात ‘गारवा’ दोन्हीकडून हलकी ठरते; कवितेतील प्रतिमा परिचित आणि चाली सोप्या.

वस्तुतः या निर्मितीचे वेगळेपण शब्द आणि स्वर यांच्या सांध्यात आहे. शीर्षकगीतापूर्वी कवी स्वतः कविता वाचतो. (हा वाचनस्वर अभिनेत्याचा आहे, हे विसरून चालत नाही.) उन्हाच्या तक्रारीने, जवळजवळ बोलण्याच्या लयीत सुरू झालेले हे वाचन पुढे गाण्याच्या तालात बांधले जाते. उकाडा बोलला जातो आणि पाऊस गायिला जातो. हे नाते कवितेच्या छापील पानावर सापडत नाही, स्वरलिपीतही नाही. ते ऐकण्याच्या क्रमातच आहे. गीतमालिकेला एकसंध कृती मानण्याची सवय मराठीला नव्हती असेही नाही. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ ५६ गीतांची एक कृती म्हणूनच स्वीकारले गेले. तेथे कथेचा धागा होता. ‘गारवा’मध्ये केवळ एक भाववृत्ती आहे आणि तिचे मोजमाप करणारी परिभाषा समीक्षेने घडविली नाही.

या एकाच भाववृत्तीत ‘गारवा’ची मर्यादाही आहे. तिच्यातील पाऊस आठवणींत रमणाऱ्या एकट्या प्रियकराचा आहे. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) मधील पाऊस शेतातून, पेरणीतून येतो. दौंड-शिरूरसारख्या पर्जन्यछायेच्या भागातील विद्यार्थी या दोन्ही पावसांचा श्रोता असतो. घरी आभाळाकडे पाहणारा बाप आणि कानात ‘गारवा’, अशा श्रोत्याला ती कशी ऐकू येते, हा प्रश्न शब्द आणि चाल वेगळे करणाऱ्या समीक्षेला पडण्याचे कारणच नव्हते.