कोरी जागा

ज्याने तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्याने घरच्या लग्नपत्रिकेत लक्ष घालू नये. हे शहाणपण मला उशिरा आलं. पुतणीचं लग्न ठरलं, आणि थोरले बंधू हयात नसल्यामुळे पत्रिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आमच्या हिंगोलीकडची लग्नपत्रिका आपण पाहिली नसेल, तर बाजाराच्या दिवशीची एस.टी. डोळ्यांसमोर आणा. वर गणपती, दोन्ही अंगांना कुलदैवतं, मग निमंत्रक, विनीत, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, समस्त मामा मंडळी, आणि तळाला, ज्यांना अजून धड बोलताही येत नाही अशा बालकांच्या तोंडी, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ या गर्दीतून वधूवरांची नावं कंडक्टरसारखी अंग चोरत वाट काढत असतात.

मी ठरवलं, इथे क्रांती करायची. मुलांना मी जन्मभर सांगत आलो की, चित्रात काढलेल्याइतकंच न काढलेलंही महत्त्वाचं असतं. मडकं काढताना मडक्याभोवतीची जागा पाहा. ती चुकली की मडकं चुकलं. मुलं मान डोलवायची आणि त्या जागेत दोन डोंगर, एक सूर्य आणि नारळाचं झाड काढायची. हिंगोलीपासून समुद्र किती लांब आहे याची त्या नारळाला फिकीर नसे. आता गायतोंड्यांचं पाहा. १९२४ साली नागपुरात जन्मलेला हा चित्रकार रंगाच्या शांत पसाऱ्यात चार आकार तरंगत ठेवी आणि बाकी नजरेवर सोडी. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. माझी पत्रिका तिथे लागावी असं माझं म्हणणं नव्हतं. पण निदान वाचता यावी!

तर मी पत्रिका आखली. मधोमध वधूवर, खाली तिथी, वार, स्थळ आणि निमंत्रक म्हणून एकच नाव. माझं. बाकी सगळं कोरं.

प्रेसवाल्याने कागद उलटासुलटा केला. “मास्तर, एवढी जागा कामून सोडली? पैसे तर सगळ्या कागदाचे लागतेत.” मी त्याला अवकाशाचं सौंदर्य समजावलं. तो म्हणाला, “आमच्या बापाच्या वक्ताला खिळे जुळवायचे. तव्हा कोरी जागा फुकट नव्हती. बिनअक्षराचे शिशाचे ठोकळे बसवावे लागायचे. नाही बसवले तर सगळं पान सांडायचं.”

कोऱ्या जागेलाही वजन असतं, हा मुद्दा मी लगेच माझ्या बाजूने धरला आणि पाचशे प्रती छापून घेतल्या.

पहिला मान नागनाथाचा. वहिनींना घेऊन मी औंढ्याला गेलो. देवळाभोवती फिरताना माझ्यातला मास्तर जागा झाला. खालचा यादवकालीन दगडी भाग म्हणजे आमची लग्नपत्रिकाच. देव, हत्ती, नक्षी, वीतभर भिंत मोकळी नाही. वर मात्र मागाहून बांधलेलं पांढरं, साधं शिखर. “पाहा वहिनी,” मी म्हणालो, “वरही तेवढंच कोरलं असतं तर डोळे गुदमरले असते.” वहिनी “हो भाऊजी” म्हणाल्या.

मग नंदी. इतर शिवालयांत तो समोर असतो. इथे त्याचं देऊळ मागे आहे. या आमच्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव समोर कीर्तन करत होते, त्यांना पुजाऱ्यांनी मागे जायला सांगितलं, ते मागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, नंदी मात्र होता तिथेच राहिला, असं सांगतात.

वहिनी थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “नामदेवांना मागं धाडलं, तेव्हा पुढची जागा छान मोकळी झाली असंल, नाही? कुणाला तरी ती सुबकच वाटली असंल.”

एवढंच. मी हातातली पत्रिका पाहिली. सगळे मामा, काका आणि न बोलणारी बालकं काढताना मी नवरीची आईही काढून टाकली होती. खरं सांगायचं तर ते नुसतं कलेपायी नव्हतं. ‘पहिलं नाव विधवेचं कसं घालायचं?’ अशी कुजबुज घरात झाली होती, आणि माझ्या कोऱ्या जागेने तो प्रश्न परस्पर मिटवला म्हणून मला हायसं वाटलं होतं.

कोरी जागा दोन तऱ्हांची असते, हे मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. एक, पाहणाऱ्यासाठी राखलेली, गायतोंड्यांची ती. दुसरी, कुणाला तरी उठवून मोकळी केलेली. कागदावर दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात. म्हणून चांगल्या मोकळ्या मांडणीचं कौतुक करण्याआधी, इथे आधी कोण बसलं होतं, एवढं विचारावं.

पत्रिका पुन्हा छापल्या. प्रेसवाल्याने दोन्ही वेळचे पैसे घेतले. आता निमंत्रक म्हणून वहिनींचं नाव आहे आणि भोवती भरपूर कोरी जागा. माझं नाव पाकिटाच्या मागे, ‘प्रेषक’ म्हणून. नंदीही तिथेच बसतो.