ऐकणारा आणि वाचणारा : कॅनडातील फेटाळलेल्या निर्वासित-दाव्यांची न्यायालयीन तपासणी

विद्यापीठाचे निकाल लागले की विद्यार्थी आपल्याकडे दोन प्रकारचे अर्ज घेऊन येतात. एक गुणपडताळणीचा, दुसरा पुनर्मूल्यांकनाचा. पहिल्यात बेरीज तपासतात, एखादे उत्तर तपासायचे राहिले का ते पाहतात. दुसऱ्यात दुसरा परीक्षक उत्तरपत्रिका नव्याने वाचतो. तोंडी परीक्षेचे मात्र पुनर्मूल्यांकन होत नाही, कारण मागे कागद उरत नाही. कॅनडात निर्वासित म्हणून संरक्षण मागणाऱ्याचा दावा ‘तुझ्या सांगण्यावर विश्वास बसत नाही’ म्हणून फेटाळला गेला, तर तेथील फेडरल न्यायालय जी तपासणी करते ती पहिल्या जातीची असते. खटला पुन्हा चालत नाही; खालचा निर्णय वाजवी आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. याला प्रस्तुत लेखकाचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो या संयमासाठी वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या कारणाला. साक्षीदाराला न्यायाधिकरणाने पाहिले, ऐकले, न्यायालयाने नाही, म्हणून खरेखोटे न्यायाधिकरणालाच अधिक कळते, असे ते कारण. थोडक्यात, ही तोंडी परीक्षा आहे असे न्यायालय धरून चालते.

या कारणाचा इतिहास जरा चमत्कारिक आहे. १९८५ पर्यंत कॅनडात वरिष्ठ इमिग्रेशन अधिकारी दावेदाराचा शपथेवर जबाब घेई, त्याची प्रत एका सल्लागार समितीकडे जाई आणि शेवटी मंत्री निर्णय देई. ज्याने ठरवायचे त्याने माणसाला पाहिलेलेच नसे. ४ एप्रिल १९८५ च्या सिंग निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत रद्दबातल ठरवली. त्यातील बहुतेक अर्जदार भारतातून गेलेले शीख होते, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. सहा न्यायाधीशांपैकी तिघांनी हक्कांच्या सनदेचा आधार घेतला, तिघांनी जुन्या हक्कविधेयकाचा. पण निष्कर्ष एकच निघाला. त्यातील सनदेवर आधारलेल्या मतात न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी विश्वासार्हतेचा गंभीर प्रश्न असेल तेथे माणसाला समोर बसवून ऐकणे न्यायाला आवश्यक ठरवले. या निवाड्यातूनच पुढे १९८९ मध्ये इमिग्रेशन आणि निर्वासित मंडळ आले. सुनावणीचा हा हक्क मिळवला दावेदाराने, स्वतःच्या रक्षणासाठी. पुढे त्याच सुनावणीची ढाल झाली, आणि ती निर्णय देणाऱ्याच्या हाती गेली.

आता प्रश्न असा की अविश्वास खरोखर पाहण्या-ऐकण्यातून निर्माण होतो काय? प्रकाशित निवाडे वाचताना दिसते की चेहरा, आवाज, अडखळणे यांवर उभा असलेला निर्णय क्वचितच आढळतो. अविश्वासाची नेहमीची कारणे दोन. एक विसंगती : लेखी अर्जात एक, तोंडी जबाबात दुसरे. दुसरे असंभाव्यता : जिवाची भीती खरी असती तर हा माणूस वाटेतल्या पहिल्या देशातच आश्रय मागता, पोलिसांनी त्याला असे सोडून दिले नसते. विसंगती म्हणजे दोन कागदांची तुलना, कारण जबाबाचेही ध्वनिमुद्रण होते. असंभाव्यता म्हणजे माणसे कशी वागतात याविषयी निर्णय देणाऱ्याची समजूत. दोन्ही गोष्टी न्यायाधीशाला आपल्या खोलीत बसून तितक्याच स्पष्ट दिसतात.

हे आम्ही नव्याने सांगतो आहोत असेही नाही. फेडरल अपील न्यायालयाने १९९२ च्या गिरॉन प्रकरणात असंभाव्यतेवरचा निष्कर्ष तपासणे तुलनेने सोपे असते, असे सूचित केले होते. १९९३ च्या अग्वेबोर निवाड्यात न्यायमूर्ती देकारी यांनी ते मान्य केले, पण त्याच परिच्छेदात न्यायाधिकरणाइतके योग्य स्थान दुसऱ्या कोणाचे, असेही विचारले. पुढच्या काळात हा दुसरा भाग शेकडो निवाड्यांत उद्धृत झाला. पहिल्या भागाचे तेवढे भाग्य नाही. २००१ च्या वाल्चेव निवाड्यात न्यायमूर्ती मल्डून यांनी असंभाव्यतेचा ठपका अगदी उघड प्रकरणातच ठेवावा, कारण दावेदार वेगळ्या संस्कृतीतून आलेला असतो, असे बजावले. शपथेवरचे कथन संशयाला कारण नसेल तर खरे मानावे, हा माल्डोनाडो निवाड्याचा नियम तर त्याच्याही वीस वर्षे आधीचा. म्हणजे कायद्याच्या पेटीत दोन्ही प्रकारची वचने आहेत. कोणते काढायचे, हे काढणाऱ्यावर अवलंबून राहते.

विसंगतीचे थोडे अधिक पाहू. आपल्या घरांत चुलतभावालाही भाईच म्हणतात. अर्ज भरताना दुभाषाने ‘सख्खा भाऊ’ लिहिले आणि सुनावणीत ‘चुलत’ निघाला, तर ती लबाडी की भाषांतर? इराणी पंचांगाचे वर्ष २१ मार्चच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे तेथील एक वर्ष आपल्या दोन इसवी सनांत पसरते. महिना न आठवणाऱ्याने सन सांगावा कोणता? स्मृतीविषयी ब्रिटनमध्ये झालेला एक अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. कोसोवो व बोस्नियातून आलेल्या, राहण्याची परवानगी आधीच मिळालेल्या ३९ जणांच्या दोनदा मुलाखती घेतल्या. खोटे बोलण्याचे कारण उरलेले नसतानाही त्यांच्या दोन कथनांत फरक पडले, आणि ते मुख्य घटनेपेक्षा किरकोळ तपशिलांत जास्त होते. वर्गात एकच प्रसंग दोनदा सांगणाऱ्या शिक्षकाला याचे नवल वाटू नये. हिलरी इव्हान्स कॅमेरॉन यांनी कॅनडाच्या संदर्भात हाच मुद्दा चिकाटीने मांडला आहे.

डिसेंबर २०१२ पासून तर ‘पाहिले-ऐकले’ या कारणाचा पायाच खचला आहे. तेव्हापासून मंडळातच निर्वासित अपील विभाग सुरू झाला, आणि न्यायालयासमोर सामान्यतः त्याचा निर्णय येतो. हा विभाग बहुतेक वेळा कागदांवरूनच निर्णय करतो. नवा पुरावा आला आणि काही अटी पुऱ्या झाल्या तरच सुनावणी घेता येते. म्हणजे ज्याच्या दृष्टीचा मान राखायचा, त्यानेही दावेदाराला पाहिलेले नसते. २०१६ च्या हुरुग्लिका निवाड्याने या विभागाला खालच्या निर्णयाची अचूकता तपासायला सांगितले. तोंडी साक्षीत खालच्या सदस्याला खरोखर लाभ असू शकतो, पण तो प्रकरण पाहून ठरवावा, अशी भूमिका घेतली. अपील विभागाला जमते ते न्यायालयाला का जमू नये?

येथे एक आडवा प्रश्न येतोच : खोटे दावेही असतात. असतात, आणि प्रत्येक दावा न्यायालयाने नव्याने चालवावा असे कोणी म्हणत नाही. मागणी एवढीच, की अविश्वास प्रत्यक्ष हावभावावर असेल तेथे हात राखावा, कागदावर असेल तेथे कागद वाचावा. २०१९ च्या वाविलोव निवाड्याने सर्वोच्च न्यायालयाने तशी वाट करूनही दिली आहे. माणसावरचा परिणाम जितका गंभीर, तितकी कारणे त्या गांभीर्याला साजेशी हवीत, असे तो सांगतो.

पण या वाटेपर्यंत पोचण्याआधी दार आहे. फेडरल न्यायालयात जायला आधी परवानगी लागते. शॉन रेहाग यांनी २००५ ते २०१० मधील २३,००० हून अधिक अर्ज तपासले, तेव्हा परवानगी देण्याचे प्रमाण न्यायाधीशागणिक कमालीचे बदलताना आढळले. एकाकडे दोन टक्क्यांहून कमी, दुसऱ्याकडे तीनचतुर्थांशाहून जास्त. ज्या न्यायालयाचे काम खालच्याची कारणे तपासणे, ते स्वतः परवानगी नाकारताना सहसा कारण लिहीत नाही, आणि त्या नकारावर अपीलही नाही.