सरासरीत हरवलेला मेळघाट

अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातील किती बालकांना सर्व लसी मिळाल्या, किती स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे आता कोणालाही घरबसल्या पाहता येते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची (२०१९-२१) जिल्हावार पत्रके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. शेजारीच २०१५-१६ चे आकडे असल्याने तुलनाही सोपी होते. हे काम मोलाचे आहे.

पण धारणीच्या शिक्षकाने अमरावतीच्या पत्रकात आपला तालुका शोधला, तर तो सापडत नाही. साऱ्या जिल्ह्याला एकच आकडा! समजा, १४ ही तालुक्यांत मुलांची संख्या सारखी आहे; १२ तालुक्यांत शेकडा १० मुले कमी वजनाची, तर मेळघाटातील धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांत शेकडा ४०. सरासरी येते सुमारे १४. मेळघाट दिसेनासा होतो.

तालुकावार आकड्यांसाठी कितीतरी अधिक घरे पाहावी लागतील, हे मान्य. खटकते ते असे, की पत्रक इंग्रजीत आहे, आणि कंसातील आकडे अवघ्या २५ ते ४९ नोंदींवर आधारलेले आहेत, हा इशारा तळटीपेत राहतो. मराठीत दोन ओळी लिहिणे अवघड नव्हते.

वर्गात हे पत्रक जरूर वाचावे. मात्र प्रत्येक आकड्यापाशी थांबून विद्यार्थ्यांना विचारावे : ही सरासरी कोणाकोणाची?