धुकें कीं धूर?

धुक्यांत बुडालेलें बंदर आणि त्यांत अर्धवट पुसल्यासारख्या दोन-तीन होड्या, असें कृष्णधवल छायाचित्र हौशी मंडळींच्या प्रदर्शनांत बहुधा एक तरी असतेंच. त्याखालीं 'गूढ' किंवा 'शांति' हें नांवही ठरलेलें. वाचकांपैकीं पुष्कळांच्या दिवाणखान्यांत तसें एखादें टांगलेलें असेल. आमच्याही आहे, हें आधींच कबूल करून टाकतों.

ह्या प्रकाराची मोहिनी खोटी नाहीं. धुकें मागचा सारा पसारा गिळून टाकतें. जवळची होडी काळी, तिच्यामागची राखी, त्यापलीकडची केवळ रेघेएवढी उरते, आणि रंग नसतांही अंतर डोळ्यांना मोजतां येतें. तें साधणें सोपेंही नाहीं. प्रकाशमापक यंत्र समोरच्या शुभ्रतेला राखी समजून फसतें; म्हणून त्यानें सांगितल्याच्या दुप्पट, कधीं त्याहूनही थोडा अधिक प्रकाश द्यावा लागतो, नाहीं तर धुक्याचें मळकट पोतेरें होतें. इंग्लंडांत पीटर हेन्री इमर्सन ह्यानें नॉरफोकच्या दलदलींतील होड्या ह्याच ओढीनें टिपल्या. १८८६ सालच्या त्याच्या संग्रहांत लव्हाळे कापणारे, जाळें लावणारे लोक आहेत. १८९५ च्या 'मार्श लीव्ह्ज'मध्यें माणसें जवळजवळ विरून गेलीं आणि धुकें तेवढें राहिलें. जाणकार ह्या दुसऱ्या पुस्तकाला वरचें स्थान देतात. आम्हांस पहिलें अधिक प्रिय आहे. कां, तें देवनारला गेल्यावर कळलें.

देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून मुंबईचा केर पडूं लागला. त्या ढिगांपलीकडे तिवरांची दाटी व ठाण्याची खाडी. दक्षिणेस तुर्भ्याचा कोळीवाडा. पौषांतल्या एका पहांटे, ओहोटीच्या वेळीं, आम्ही कॅमेरा घेऊन खाडीच्या कांठीं उभे होतों. चिखलांत कलंडलेल्या होड्या, वर तलम पडदा. सर्व कांहीं मनाजोगें. शेजारीं जाळें सोडवीत बसलेला एक म्हातारा कोळी म्हणाला, "साहेब, ह्ये धुकं नाय, धूर हाय."

आमच्या नाकाला तें आधींच कळावयास हवें होतें. रंगीत चित्रांत धुकें पांढरें दिसतें, धूर निळसर वा पिवळट. कृष्णधवलांत दोहोंची एकच राखी छटा होते. म्हणजे ह्या माध्यमाचा जो गुण आपण वाखाणतों, तोच येथें साक्ष पुसून टाकतो. २०१६ च्या जानेवारीअखेर ह्याच ढिगांना आग लागली, तेव्हां धूर कित्येक दिवस शहरावर होता. उपग्रहानें घेतलेल्या चित्रांतही तो दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या सकाळची होडी कोणीं कृष्णधवलांत टिपली असती तर तीही 'शांति'च ठरली असती! (ह्याच खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य ठरला. पक्ष्यांचीं चित्रें मात्र सारे रंगीत काढतात.)

कोणी म्हणेल, मोने ह्यानें रंगविलेलें लंडनचें धुकेंही कोळशाच्या धुरानें भारलेलें होतें. खरें आहे. परंतु त्याच्या पटावर तो धूर जांभळा, नारिंगी, पिवळा होऊन स्वतःची ओळख देतो. आणि १९५२ मध्यें त्याच शहरांत तसल्या धुक्यानें हजारों माणसें दगावल्यावर तीं चित्रें पूर्वीच्या निर्धास्तपणानें पाहणें आम्हांस तरी जमत नाहीं.

म्हणून कृष्णधवल सोडावें, असें आमचें म्हणणें नाहीं. भिंगावर तांबडी कांच चढविली तर विरळ धुराचा झांकोळ कांहींसा भेदतो; दाट धुकें मात्र भेदत नाहीं, कारण त्याचे जलबिंदु सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात. एकाच जागेचीं दोन चित्रें, एक कांचेविना व एक कांचेंतून घेतलेलें, शेजारीं शेजारीं लावण्याची कल्पना कोणा छायाचित्रकारास कां सुचूं नये? पहिल्यांत गूढ दिसेल, दुसऱ्यांत कदाचित् मागच्या चिमण्या दिसतील.

त्या दिवशींच्या बारा चित्रांपैकीं आम्हीं एकच ठेवलें आहे. त्यांत होडी कडेला सरली आहे आणि म्हातारा नाकातोंडाला फडकें बांधून जाळें सोडवीत आहे. त्याला अद्याप नांव दिलेलें नाहीं.