नोंदवहीचा वाचक

एखाद्या ग्रंथाची परीक्षा करावयाची म्हणजे त्याचा लेखक कोण, विषय कोणता आणि भाषा कशी, हे तीन प्रश्न आपण सामान्यतः विचारतों. हा ग्रंथ कोणीं वाचावा म्हणून लिहिला आहे, हा चौथा प्रश्न बहुधा मनांतच राहतो. कारण काव्य किंवा कादंबरी यांच्या बाबतींत त्याचें उत्तर आपण गृहीतच धरलेलें असतें. परंतु गेल्या वीस वर्षांत आपल्या देशांत असें एक प्रचंड लिखाण तयार झालें आहे कीं, त्याची परीक्षा या चौथ्या प्रश्नापासूनच सुरू केली पाहिजे. त्या लिखाणाचें नांव लोकजैवविविधता नोंदवही. गांवच्या शिवारांत जीं पिकें, झाडें, गवतें, पक्षी, मासे व जनावरें आहेत त्यांची, आणि त्यांच्याविषयीं गांवकऱ्यांस जें ठाऊक आहे त्याची, ही लेखी नोंद होय. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेस एक व्यवस्थापन समिति नेमण्यास सांगितलें. आणि गांवच्या लोकांच्या विचारानें ही वही तयार करणें हें त्या समितीचें मुख्य काम होय, असें २००४ सालच्या नियमांनीं ठरविलें.

सरकारी कोष्टकांची चर्चा वाङ्मयाच्या मासिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, सामान्य माणसानें स्वतः पाहिलेलें व स्वतः पडताळलेलें ज्ञान लेखी रूपानें सर्वांपुढें मांडावें, हा या वहीमागचा हेतु आहे. आणि ज्या लिखाणांत सामान्य माणसास लेखकाचा मान दिला आहे त्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकानें पाठ फिरविणें योग्य नव्हे. ज्यास हल्लीं नागरिकांचें विज्ञान म्हणतात व ज्यास संशोधनाचें मुक्त वाटप म्हणतात, त्या दोन्ही कल्पनांची आपल्याकडील खरी कसोटी या वहींतच लागणार आहे.

उदाहरणासाठीं नाशिक जिल्ह्यांतील देवळा तालुका घेऊं. कळवण, सटाणा, मालेगांव व देवळा या चार तालुक्यांच्या आद्याक्षरांवरून ज्यास कसमादे म्हणतात, त्या गिरणाकांठच्या मुलखांतील हा कांद्याचा तालुका. येथील शेतकरी पावसाळी, रांगडा व उन्हाळ असे तीन हंगामांचे कांदे ओळखतो. त्यांपैकीं कोणता चाळींत टिकेल आणि कोणता काढल्याबरोबर उमराण्याच्या बाजारांत नेला पाहिजे, हें त्यास पुस्तक न उघडतां सांगतां येतें. कांद्याच्या बियाण्यास तो उळें म्हणतो. पुष्कळ घरीं हें उळें घरींच धरण्याची रीत आहे. साठवणींतून एकसारखे, घट्ट व बारीक मानेचे कांदे निवडावयाचे, ते पुन्हां जमिनींत लावावयाचे आणि त्यांस फुलांचे गोंडे आले म्हणजे मधमाश्यांवर भिस्त ठेवावयाची. शेजारच्या निराळ्या वाणाचा पराग त्याच मधमाशीनें आणला तर जात बिघडते, म्हणून अंतर राखावयाचें. हें बीं वर्षभरानंतर नीट उगवत नाहीं. तेव्हां ही निवड जवळ जवळ दरसाल करावी लागते. निरीक्षण करणें, निवडणें, पुढच्या हंगामांत पडताळून पाहणें व चुकलें तर पुन्हां निवडणें, या क्रमासच प्रयोगशाळेंत संशोधन म्हणतात. देवळ्याच्या शेतकऱ्याच्या संशोधनांत उणीव एवढीच कीं, तें लिहिलें जात नाहीं. म्हातारा गेला म्हणजे त्याची निवडीची नजरही त्याच्याबरोबर जाते.

अशा अलिखित ज्ञानास जागा करून देणें हा नोंदवहीचा मोठा गुण आहे. १८८३ सालीं निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरांतही येथील शेतीचें वर्णन आहे; पण तेथें रयत हा वर्णनाचा विषय आहे, वर्णन करणारा नव्हे. नोंदवहीच्या नमुन्याच्या कोष्टकांत मात्र निराळी दृष्टि दिसते. स्थानिक नांव व शास्त्रीय नांव हे दोन रकाने तेथें शेजारीं शेजारीं आहेत; म्हणजे अहिराणी बोलणाऱ्या शेतकऱ्याचा शब्द आणि वनस्पतिशास्त्रज्ञाचा लॅटिन शब्द एकाच ओळींत, एकाच मानानें बसले आहेत. बियाणें कोठून आलें, उपयोग काय, हे रकाने आहेत. पूर्वीं स्थिति काय होती व आतां काय आहे, हाही रकाना आहे. आणि तो मन लावून भरला तर गांवचा पन्नास वर्षांचा इतिहास त्या एका ओळींत उतरूं शकेल. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, ही माहिती कोणापाशीं आहे, यासाठींही तेथें जागा राखून ठेविली आहे. हा आराखडा ज्यांनीं कल्पिला त्यांस, ज्ञान हें कोणाचें तरी असतें, याची जाणीव होती यांत शंका नाहीं.

दोष आहे तो आराखड्यांत नाहीं, वाचकाच्या अभावांत आहे. २०१६ सालीं हा विषय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें गेला तेव्हां सबंध देशांत अशा वह्या दीड हजारही नव्हत्या. २०१९ सालीं न्यायाधिकरणानें ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, व त्यानंतर हयगय करणाऱ्या राज्यास दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असें बजाविलें. आज वह्यांची संख्या अडीच लाखांवर गेली आहे. न्यायाधिकरणानें तगादा लावला नसता तर कायदा कागदावरच राहिला असता, हें मान्य केलेंच पाहिजे. पण शिवाराची नोंद करावयाची तर निदान एक वर्ष तरी शिवारांत काढावें लागतें. पावसाळ्यांत उगवणारें गवत उन्हाळ्यांत दिसत नाहीं आणि हिंवाळी पाहुणा पक्षी ज्येष्ठांत सांपडत नाहीं. ऋतूंच्या गतीनें चालणारें काम मुदतीच्या गतीनें चालविलें कीं, रकाना भरणें हेंच साध्य होऊन बसतें. अशा लिखाणाचा खरा वाचक, वह्यांची संख्या मोजणारा अधिकारी हाच होय. तो शेवटचें पान आहे कीं नाहीं हें पाहतो आणि तेथेंच वाचन संपतें. ज्या शेतकऱ्यानें उळ्याची माहिती सांगितली, त्यास ती कशी लिहिली गेली हें पुन्हां कळण्याचा मार्ग राहत नाहीं.

याच्या उलट प्रकारचें उदाहरण महाराष्ट्रांतच पाहावयास मिळतें. गणिताचे अध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांनीं तासगांवकडील द्राक्षबागाईतदारांना हाताशीं धरून जो प्रयोग परिवार उभा केला, त्यांत सांगणारा व ऐकणारा असे दोन वर्ग नव्हतेच. प्रत्येकानें आपल्या बागेंत प्रयोग करावा, त्याचें फळ पत्रानें किंवा भेटींत दुसऱ्यास कळवावें, आणि दुसऱ्यानें तें आपल्या मातींत पडताळून उलट उत्तर द्यावें, अशी ती रीत होती. दाभोळकरांच्या ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकाचें प्रतिपादन सूर्यप्रकाश, पान, पाणी व माती यांच्या हिशेबावर उभें आहे. परंतु त्याचें नांव वाचतांच संस्कृतज्ञ वाचकास भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’ची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. भवभूतीला आपल्या समकालीनांत समानधर्मा भेटला नाहीं, म्हणून त्यानें काळाच्या व पृथ्वीच्या विस्तारावर भरंवसा ठेविला. दाभोळकरांस अनंत काळ थांबण्याची गरज वाटली नाहीं. त्यांचा समानधर्मा शेजारच्या तालुक्यांत कुदळ घेऊन उभा होता. त्यास पत्र पाठविलें म्हणजे झालें. शास्त्राचें वाटप याहून अधिक मोकळें कसें असूं शकेल?

तथापि या पद्धतीसही एक मर्यादा आहे. उत्साही माणसांच्या मेळाव्यांत यशाची वार्ता सांगावयास सगळे पुढें येतात, फसलेला प्रयोग सांगावयास थोडे. नोंदवहीच्या ‘पूर्वीं व आतां’ या रकान्यांत नुकसानीसही जागा आहे. म्हणून एकीचा आराखडा व दुसऱ्याचा वाचक यांची गांठ पडावी, अशी आमची इच्छा आहे.

अशी गांठ पडूं शकते, हें पक्ष्यांच्या अभ्यासांत दिसून आलें आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारें तीस हजार हौशी पक्षिनिरीक्षकांनीं ई-बर्ड या संग्रहांत घातलेल्या तीन कोटि नोंदींवर आधारलेला आहे, आणि त्यांत ९४२ जातींचा विचार केला आहे. कोणासही तो फुकट वाचतां येतो. ज्यानें नोंद दिली त्यास आपली नोंद पुन्हां पाहतां येते, ती चुकली असल्यास सुधारतां येते, आणि आपल्या जिल्ह्यांतील इतरांच्या नोंदी शेजारीं ठेवून ताडतां येतात. येथें देणारा हाच वाचक आहे. नोंदींचा ओघ वर्षांनुवर्षें टिकून राहिला, याचें एक कारण तें असावें असें आम्हांस वाटतें. मात्र मूळ अहवाल इंग्रजींत आहे, आणि ती भाषा न येणाऱ्या शेतकऱ्यास त्याचें उघडें दार बंदच आहे.

आतां मोठ्या आक्षेपाकडे वळूं. गांवचें ज्ञान असें उघड्यावर ठेविलें तर परका व्यापारी तें लुटून नेईल, सबब वही कुलुपांतच बरी, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. ही भीति पोकळ नाहीं. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर १९९५ सालीं अमेरिकेंत पेटंट दिलें गेलें, हें आपण जाणतोंच. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असतांना, त्यास हरकत घेतली आणि १९९७ सालीं तें रद्द झालें. पण तें कशानें रद्द झालें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. आपल्या आजीस हळदीचा गुण ठाऊक होता, एवढ्यानें तें काम झालें नाहीं. तो गुण पूर्वींच छापला गेला होता, याचे पुरावे मांडावे लागले. म्हणजे चोरापासून रक्षण झालें तें छापील व उघड्या शब्दानें, कुलुपानें नव्हे. अर्थात् प्रत्येक गोष्ट उघडी करावी असें आमचें म्हणणें नाहीं. दुर्मिळ औषधी कोणत्या कड्यावर उगवते, हें छापणें म्हणजे तिचा नाश ओढवून घेणें होय. ई-बर्डवरही धोक्यांतील जातींचीं नेमकीं ठिकाणें झांकून ठेवितात. सांगणाऱ्यानें नको म्हटलें तर तेंही पाळलें पाहिजे. परंतु काय झांकावें हें ठरविण्याचा अधिकार ज्याचें ज्ञान आहे त्याचा असावा. कपाटाची किल्ली ज्याच्या हातीं आहे त्याचा नव्हे.

मोकळेपणा याचा अर्थ आपण पैशांत करूं लागलों आहों, असेंही कधीं कधीं वाटतें. २०२४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांस सहा हजार कोटि रुपये खर्चून सुमारें तेरा हजार नियतकालिकें सरकारी उच्चशिक्षणसंस्थांस व संशोधनसंस्थांस वाचावयास मिळावीं, असा तिचा उद्देश आहे. लहान गांवच्या सरकारी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास याचा मोठा उपयोग होईल, आणि त्याबद्दल आम्ही समाधान व्यक्त करतों. परंतु देवळ्याचा कांदाउत्पादक ही कांहीं संस्था नव्हे. त्याच्याच शेतांतील कीड, माती वा बियाणें यांवर निबंध लिहिला गेला, तर तो या वर्गणीच्या बाहेरच राहतो. बरें, वर्गणीची अडचण दूर केली तरी भाषेची राहतेच. जें त्याच्याकडून मराठींत व अहिराणींत घेतलें, तें त्यास मराठींत परत मिळेपर्यंत वाटप पुरें झालें असें आम्ही म्हणणार नाहीं.

यास फार मोठा खर्च लागत नाहीं. वर्षांतून एकदां ग्रामसभेंत ही वही मोठ्यानें वाचावी. चुकलेलें दुरुस्त करावें, नवें जोडावें आणि गेलेलें गेलें म्हणून लिहावें. ज्याची माहिती असेल त्याच्या संमतीनें त्याचें नांव त्या ओळीशेजारीं घालावें. एक प्रत शाळेंत व एक वाचनालयांत ठेवावी. मुलांनीं दर ऋतूंत एक पान तपासावें. कायद्यानें वही लोकांच्या विचारानें तयार करण्यास सांगितलेंच आहे. तेव्हां ती लोकांपुढें वाचण्यास निराळी आज्ञा कशास पाहिजे?

अशा एखाद्या सभेंत उळें धरणारी वृद्ध बाई उभी राहून, “हें असं नाहीं, मीं सांगितलं तें निराळं होतं,” असें म्हणाली, तर समितीच्या चिटणिसानें रागावूं नये. खोडून पुन्हां लिहावें. तिच्या रूपानें वहीला तिचा पहिला वाचक मिळालेला असेल.