शस्त्रलक्षण व परवाना : तीन कायद्यांचें परीक्षण

सनद, महजर, कौलनामा यांची नक्कल करून घेण्यास आपले संग्राहक तत्पर असतात. त्याच रुमालांत बंदुकीचा परवाना निघाला तर तो मात्र अर्वाचीन म्हणून बाजूस पडतो. सातारा व सांगली या प्रांतांच्या इतिहासास ही उपेक्षा घातक आहे. शस्त्रें कोणाच्या घरीं राहिलीं व कोणाच्या घरून गेलीं हें सांगणारा कागद परवाना हाच होय. परंतु परवान्याचा अर्थ लावावयाचा तर तो ज्या कायद्यानें निघाला त्याचा पाठ आधीं तपासला पाहिजे. कायदा हाहि एक ग्रंथच आहे, व त्यांतील व्याख्यांस ग्रंथपरीक्षणाचे नियम लागू पडतात. प्रस्तुत लेखांत १८५७, १८७८ व १९५९ या सालांच्या तीन कायद्यांचें त्या दृष्टीनें परीक्षण करावयाचें आहे.

१. निःशस्त्रीकरणाचा काल

१८५७ चा अठ्ठाविसावा कायदा उठावाच्या धामधुमींत झाला. शस्त्रांची आयात, घडण, विक्री व तीं बाळगण्याचा अधिकार यांचें नियमन हा त्याचा विषय. १८६० च्या एकतिसाव्या कायद्यानें तेंच धोरण पुढें चाललें. साताऱ्याचें राज्य १८४८ सालींच खालसा झालें होतें. त्याच्या दक्षिणेस सांगली, मिरज, जमखंडी, मुधोळ, नरगुंद असा जहागिरींचा पट्टा होता. शस्त्रें नोंदविण्याचा हुकूम या पट्ट्यांत पोंचला तेव्हां मुधोळ संस्थानांतील हलगली गांवच्या बेडरांनीं तो मानण्याचें नाकारलें. नोव्हेंबर १८५७ मध्यें फौजेनें गांव जाळलें व पुढें १९ जणांस फांशी दिली. फ्लीट साहेबांनीं छापलेल्या कानडी पोवाड्यांत या प्रसंगावरील पोवाडा आहे; दप्तरांतील कागदांशीं तो ताडून पाहण्याजोगा आहे.

नरगुंदच्या बाबासाहेब भावे यांनीं मे १८५८ मध्यें उठाव केला, त्यांत मॅन्सन साहेब सुरेबान येथें मारला गेला व १२ जून रोजीं बाबासाहेबांस बेळगांवीं फांशी झाली. या उठावाचें कारण म्हणून दत्तकाची नामंजुरी तेवढी सांगण्याचा प्रघात आहे. तो अपुरा आहे. दत्तकाचा प्रश्न एका घराण्याचा होता. शस्त्रांचा प्रश्न घरोघरचा होता. ज्यांचें पोट पहाऱ्यावर व शिकारीवर चाले, त्यांच्या दृष्टीनें बंदूक हें बंडाचें हत्यार नसून पोटाचें अवजार होतें. सरकारास हा भेद दिसला नाहीं, आणि पुढील कायद्यांतहि तो उमटला नाहीं.

२. लक्षणाचे दोष

नैयायिक लक्षणाचे तीन दोष सांगतात : अव्याप्ति, अतिव्याप्ति व असंभव. १८७८ च्या अकराव्या कायद्यांत शस्त्र या शब्दांत बंदुका, संगिनी, तरवारी, खंजीर, भाले, भाल्यांचीं पातीं, धनुष्यबाण, तोफा, शस्त्रांचे सुटे भाग व शस्त्रें घडविण्याचीं यंत्रें हीं सर्व अंतर्भूत केलीं आहेत. हें लक्षण नव्हे, परिगणन आहे. शस्त्र म्हणजे काय तें न सांगतां शस्त्रें कोणकोणतीं तें मोजलें आहे. परिणामीं धनगराचा भाला व किल्ल्यावरील तोफ एका पंक्तीस बसलीं, हा उघड अतिव्याप्तीचा दोष होय.

याहून मोठा दोष नियमांत होता. युरोपियनांस त्या नियमांनीं सूट होती. तीच बंदूक एकाच्या खांद्यावर असतां तिला परवाना लागे व दुसऱ्याच्या खांद्यावर असतां लागत नसे. लक्षण वस्तूचें करावयाचें आणि भेद मात्र धारण करणाऱ्याच्या वर्णावरून करावयाचा, असा हा प्रकार! १८८७ सालीं मद्रास येथें भरलेल्या तिसऱ्या राष्ट्रीय सभेनें या कायद्याविरुद्ध ठराव केला, त्याच्या मुळाशीं हाच अपमान होता. नियमांतील तो वर्णभेद पहिल्या महायुद्धानंतर काढण्यांत आला.

१९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. त्यांत बंदुकीचें खरें लक्षण प्रथमच आढळतें : स्फोटक द्रव्याच्या किंवा अन्य शक्तीच्या योगानें प्रक्षेप्य वस्तु फेंकण्यासाठीं बनविलेलें तें अग्निशस्त्र. अग्निपुराणांतील धनुर्वेदांत आयुधांचे यंत्रमुक्त, पाणिमुक्त इत्यादि भेद केले आहेत. त्यांतील यंत्रमुक्ताशीं ही कल्पना जुळते. बंदुकीस सर्वत्र परवाना, तरवार-भाल्यास मात्र सरकार जाहीर करील त्या प्रदेशांतच, असा विवेकहि या कायद्यानें केला. पूर्वीच्या कायद्याचा कटाक्ष शस्त्र कोणाच्या हातीं आहे याकडे होता. या कायद्याचा कटाक्ष शस्त्र काय करूं शकतें याकडे आहे. सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं निर्बंध घालावयाचा तर तो असाच घातला पाहिजे.

३. परवान्याचें प्रामाण्य

आतां संग्राहकांच्या उपयोगाच्या कांहीं गोष्टी. १८७८ चा कायदा इंग्रजी मुलखाचा. सांगली संस्थान ८ मार्च १९४८ पर्यंत पटवर्धनांकडे होतें. तासगांव व वाळवें हे तालुके इंग्रजी सातारा जिल्ह्यांत, आणि तासगांवाहून सांगली सात-आठ कोसांवर. तेव्हां दोन्हीकडील कागद एकाच काळाचे असले तरी ते एकाच कायद्याचे समजूं नयेत. हुकूम कोणत्या कचेरीचा हें आधीं पाहावें. दुसरें असें कीं, कागदाच्या शिरोभागीं ‘दक्षिण सातारा’ असें जिल्ह्याचें नांव असेल तर तो १ ऑगस्ट १९४९ ते २१ नोव्हेंबर १९६० या दरम्यानचा मानण्यास हरकत नाहीं. कारण सांगली हें नांव त्या जिल्ह्यास त्यानंतर मिळालें. तारीख फाटलेल्या कागदाचा काल ठरविण्यास हें गमक उपयोगी पडेल.

परंतु परवान्यांच्या वहीवरून एखाद्या प्रांतांतील शस्त्रांची गणती करणें धाडसाचें आहे. २४ जुलै १९४३ रोजीं वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तेव्हां त्यांच्या हातीं होत्या त्या पहारेकऱ्यांच्याच बंदुका. त्या काळच्या पत्री सरकारचीं शस्त्रें कोणत्या परवान्याच्या वहींत सांपडणार? वहींत नांव नोंदलें जातें तें कायदा मानणाऱ्याचें. म्हणून ‘परवाने थोडे, सबब शस्त्रें थोडीं’ हें अनुमान हेत्वाभास होय. आणि ‘परवाने आहेत, सबब भय नाहीं’ हेंहि तसेंच.

४. पंचेचाळिसावें कलम

ज्यांच्या वाड्यांत जुन्या बंदुका आहेत त्यांस १९५९ च्या कायद्याचें पंचेचाळिसावें कलम महत्त्वाचें आहे. जुन्या, प्रचारांतून गेलेल्या घडणीचें, किंवा पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें, किंवा नादुरुस्त असलेलें शस्त्र, जें दुरुस्तीनें वा दुरुस्तीवांचून बंदूक म्हणून वापरतां येत नाहीं, त्यास हा कायदा लागू नाहीं, असा त्यांतील एका पोटकलमाचा आशय आहे. येथें अन्वयाचा प्रश्न उत्पन्न होतो. ‘जें वापरतां येत नाहीं’ हें विशेषण तिन्ही पक्षांस लागतें कीं केवळ शेवटच्या नादुरुस्त शस्त्रास? केवळ शेवटच्यास लाविलें तर शंभर वर्षांची, पण धडधडीत गोळी सोडणारी बंदूक मोकळी सुटेल. हा अर्थ कायद्याच्या हेतूशीं विरुद्ध आहे. म्हणून विशेषण तिन्हींस लावणें हाच ग्राह्य पक्ष. ‘ठासणीची आहे, म्हणजे जुनी आहे, म्हणजे परवाना नको’ ही समजूतहि त्यामुळें टिकत नाहीं. त्याच कायद्याचें तेरावें कलम पीक राखण्यासाठीं ठासणीच्याच बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद करतें.

मात्र हा अर्थ स्वीकारल्यावर ‘दुरुस्तीनें’ या शब्दाचा जाच सुरू होतो. तोड्याच्या बंदुकीची रचना इतकी साधी कीं कुशल लोहार बहुतेक नळ्या पुन्हा चालत्या करील. मग सूट मिळावयाची कोणास? या धास्तीनें संग्राहक नळीस भोकें पाडण्याच्या किंवा कान बुजविण्याच्या मोहांत पडतो. नळीवरील कोरीव अक्षरें, कारागिराची खूण, चांदीचें काम नष्ट करून सूट मिळवावयाची, म्हणजे कायद्यानें विध्वंसास बक्षीस देण्यासारखें आहे. दुसरीकडे १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा शंभर वर्षांच्या वस्तूस व ऐतिहासिक मोलाच्या पंचाहत्तर वर्षांच्या हस्तलिखितास वा कागदास पुरावस्तु मानतो. एक कायदा जिचें जतन सांगतो तीच वस्तु दुसऱ्याच्या भीतीनें भट्टींत जाते!

२०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस दोनच बंदुकांची मर्यादा घातली, व वारसानें आलेल्या शस्त्रांसहि ती लागू केली. लग्नमंडपांत आनंदाच्या भरांत बार काढून जीवितास धोका आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाहि तींत आहे. ती सर्वथा योग्य आहे. संख्येची मर्यादाहि आक्षेपार्ह नाहीं. आक्षेप इतकाच कीं, पणजोबांची चालूं शकणारी ठासणीची बंदूक व नवें पिस्तूल या दोहोंस ती एकाच मापानें मोजते.

५. कर्तव्य

सुरक्षितता व जतन यांत विरोध आहे असें प्रस्तुत लेखकास वाटत नाहीं. जुनी बंदूक मृत समजून हाताळणें हा पहिला धोका. कोरडी राहिलेली दारू पिढ्यानपिढ्या आपला गुण सोडीत नाहीं. नळींत गज घालून त्याची आंतील लांबी बाहेरून कानापर्यंतच्या लांबीशीं ताडावी. गज अलीकडेच अडला तर नळी ठासलेली आहे असें समजून विस्तवापासून दूर ठेवावी व ती रिकामी करण्याचें काम पोलिसांकडील जाणत्या कारागिराकडे सोंपवावें. हा प्रयोग तोंड आपल्याकडे करून कधींहि करूं नये.

कायद्यांत सुधारणा व्हावी ती अशी : सूट मागणाऱ्या शस्त्राची तपासणी कारागीर व वस्तुसंग्रहालयाचा तज्ज्ञ या दोघांनीं मिळून करावी, निर्णय लेखी द्यावा, व नळी निकामी करणें अवश्यच ठरलें तर अक्षरांस धक्का न लागेल अशी रीत त्यांनींच सांगावी. मर्यादेबाहेरचें शस्त्र द्यावयाचें झाल्यास औंधच्या श्रीभवानी संग्रहालयासारख्या संस्थेकडे तें जाण्याचा मार्ग सुलभ करावा. आणि शस्त्र देतांना त्याचा परवाना त्यापासून तोडूं नये. परवान्यावांचून बंदूक मुकी आहे. कोणाची, कोठली, कशासाठीं, हें ती स्वतः सांगूं शकत नाहीं. संग्राहकांनीं आपापल्या रुमालांतील असे कागद काढून धारकाचें नांव, गांव, शस्त्राचें वर्णन, कारण, कचेरी व तारीख इतकें टिपून ठेविलें, तर हलगलीपासून आजपर्यंतच्या या प्रकरणाचा साधार इतिहास लिहितां येईल.