रंगनाथनांचे पाच नियम : नियम की निकष?

शियाली रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांचा ‘द फाइव्ह लॉज ऑफ लायब्ररी सायन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथपालाच्या व्यवसायाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याची या ग्रंथाशी ओळख पहिल्याच पाठात होते. मात्र पाच नियम पाठ करून तो ग्रंथ बाजूला ठेवला जातो, त्याची चिकित्सा क्वचितच होते.

नियम असे : पुस्तके वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे.

विज्ञान शिकवणाऱ्याला पहिली शंका ‘नियम’ या शब्दाचीच येईल. वर फेकलेला दगड गुरुत्वाकर्षणाचा नियम मोडू शकत नाही. रंगनाथनांचा पहिला नियम मात्र शाळेतले कुलूपबंद कपाट रोज मोडते. तेव्हा हे निसर्गनियम नसून कामाचे निकष आहेत. त्यांना ‘शास्त्र’ म्हणण्याचा आग्रह मला पटत नाही.

असे असले तरी ग्रंथाची मांडणी खास गणितज्ञाची आहे. एक साधे विधान घ्यायचे आणि त्यातून काय काय निष्पन्न होते ते शेवटपर्यंत तपासायचे. पुस्तके वापरासाठी असतील, तर ग्रंथालय कोठे असावे, किती वेळ उघडे असावे, फर्निचर कसे असावे, तिथला सेवक कसा असावा, ही सारी उत्तरे पहिल्या नियमातूनच निघतात. युरोपात एके काळी पुस्तके साखळीने बांधून ठेवत, हे ते आठवणीने सांगतात. तिसऱ्या नियमातून वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देणारी मुक्तद्वार पद्धती आणि चांगली तालिका यांची गरज सिद्ध होते.

पण हेच निकष रंगनाथनांच्या १९३३ सालच्या द्विबिंदू वर्गीकरणाला लावले तर? ही पद्धत विषयाचे घटक पाडते : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ. ‘महाराष्ट्रातील १९७० सालची ऊसतोडणी’ या विषयात ऊस हे व्यक्तित्व, तोडणी ही क्रिया म्हणजे ऊर्जा, मग स्थळ आणि काळ. विश्लेषण अत्यंत मार्मिक आहे. परंतु त्यातून तयार होणारा अक्षरे, अंक आणि विरामचिन्हांचा क्रमांक सामान्य वाचकाचा वेळ वाचवतो असे म्हणणे कठीण. शिवाय आवृत्त्यांमधून पद्धत बदलत गेली, आणि जुन्या पुस्तकांना नवे क्रमांक देण्याचा भार ग्रंथालयांवर पडला. बहुतेक ग्रंथालये ड्यूईच्या १८७६ सालच्या दशांश पद्धतीकडेच राहिली.

ड्यूईची पद्धत सोपी आहे, पण निःपक्षपाती नाही. साहित्याच्या वर्गात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा भाषांना स्वतंत्र दशक मिळाले. मराठी साहित्य मात्र ‘इतर’ भाषांच्या ८९० मध्ये, ८९१.४६ या क्रमांकावर बसले. म्हणजे पुस्तकाला क्रमांक देणे हे कारकुनी काम नाही. त्यामागे ज्ञानाच्या रचनेविषयीची एक भूमिका असते, आणि ती तपासणे हे संशोधन आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची केली नसती, तर मराठीच्या कितीतरी अभ्यासकांना सुरुवात कोठून करावी हेच कळले नसते.

रंगनाथनांचा क्रमांक मागे पडला तरी विचार टिकला. आज संगणकावर लेखक, भाषा, वर्ष, विषय अशा चाळण्या लावून आपण पुस्तक शोधतो, त्यामागे हेच घटक-विश्लेषणाचे तत्त्व आहे. या क्षेत्राचे शिक्षण पदवीनंतर घेता येते. त्यासाठी पुस्तकांची आवड असणे पुरेसे नाही. विषयाचे नेमके घटक पाडण्याची शिस्त हवी.

शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहावा. शाळेच्या कपाटातील कोणतीही वीस पुस्तके घ्यावीत आणि मागच्या देवघेवीच्या चिठ्ठीवरील शेवटची तारीख विद्यार्थ्यांकडून नोंदवून घ्यावी. तिसरा नियम आपल्या शाळेत किती पाळला जातो, ते त्या वीस तारखा सांगतील. निकषाचा उपयोग मोजमापासाठी असतो, आणि ते मोजमाप आपल्या हाती आहे.